आधी लेकरू, मग शिष्य

रविवारच्या उपासनेत ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ हे शब्द अख्खी मंडळी एका सुरात म्हणते. पण आठवडाभर आपण ज्या प्रार्थना करतो त्या नीट ऐकल्या तर त्यांत बाप कमी आणि मालक जास्त सापडतो. ‘प्रभू, या आठवड्यात वाचन झालं नाही, माफ कर, पुढच्या आठवड्यात दुप्पट करीन.’ ‘प्रभू, उपास धरलाय, आता तरी ऐक.’ ही हिशेब चुकता करायला आलेल्या माणसाची भाषा आहे. ख्रिस्ती जीवनात वाढ का होत नाही, असं कुणी विचारलं की आपण लगेच शिस्तीवर बोलायला लागतो. माझ्या मते दुखणं बहुतेक वेळा त्याच्या आधीचं असतं. क्रम उलटा झालेला असतो. सुधारून, वाढून, मग देवाचं लेकरू व्हायची आपली धडपड चालते. शास्त्रात आधी लेकरू केलं जातं, आणि लेकरू आहे म्हणून ते वाढतं.

सोलापुरात हे समजावायला लांब जावं लागत नाही. विडी वळणारी बाई कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा घरी आणते. पानं भिजवते, कात्रीनं मापात कापते, मान मोडेपर्यंत बसून हजार विड्या पुऱ्या करते आणि नेऊन देते. तिथं चेकर जुड्या उघडून बघतो. एखादी सैल, एखादी आखूड, एखादीचं पान फाटलेलं. ती बाजूला टाकली जाते, तिला छाट म्हणतात. छाट निघाली की मजुरीला कात्री लागते, आणि किती छाट काढायची ते चेकरच्या मर्जीवर. ज्या घरातला माल वर्षानुवर्षं असा तपासला गेलाय, त्या घरातल्या माणसाला देवही आपल्यातली छाटच शोधत बसलाय असं वाटलं तर नवल नाही. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (रोम ८:१५) याच भीतीवर बोट ठेवतो: तुम्हाला पुन्हा भीतीत ढकलणारा दासपणाचा आत्मा मिळालेला नाही, दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे.

दत्तक घेणं म्हणजे काय, हे रोमच्या मंडळीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पौलानं हे पत्र लिहिलं इसवी सन ५७ च्या सुमारास. तेव्हा गादीवर नीरो होता, आणि तो क्लौद्य कैसराचा पोटचा मुलगा नव्हता. क्लौद्यानं त्याला इ. स. ५० मध्ये दत्तक घेतलं. ब्रिटानिकस हा सख्खा मुलगा घरात असताना ५४ साली राज्य गेलं ते दत्तक मुलाकडे. येशूच्या सेवाकार्याच्या काळातला तिबिर्य कैसर (लूक ३:१) हासुद्धा ऑगस्टसचा दत्तक मुलगा. रोमी कायद्यात दत्तक गेलेल्या माणसाचं जुनं घर सुटायचं, नव्या बापाचं नाव लागायचं आणि वारसाहक्क पुरा मिळायचा.

आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना याची दुसरी बाजू ठाऊक आहे. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती माणसाला लागू नव्हता. मूल घरी आणायचं तर १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं. मूल १८ वर्षांचं झालं की पालकत्व संपलं, आणि वारसाहक्क आपोआप मिळत नव्हता. बाल न्याय कायदा २००० साली आला, २००६ मध्ये त्यात दत्तकाची तरतूद पक्की झाली. कोणत्याही धर्माच्या माणसाला या कायद्यानं मूल दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं. २०१५ च्या कायद्याच्या ६३व्या कलमाप्रमाणे दत्तकाचा आदेश लागू झाला की ते मूल सर्व बाबतींत जणू त्याच आईबापांच्या पोटी जन्मलं असं धरलं जातं. हा आदेश आता जिल्हाधिकारी देतात.

पालकत्व आणि दत्तक यांतला हा फरक मनात पक्का बसायला हवा. पुष्कळ विश्वासणारे देवानं आपल्याला पालकत्वावर घेतलंय अशा समजुतीनं जगतात. वागणं बरं आहे तोवर ठेवेल, पुढचं पुढं. रोम ८:१७ मात्र म्हणतं की मुले आहोत तर वारसही आहोत, ख्रिस्ताबरोबरचे वारस. मुलाचं वागणं बघून हा आदेश निघालेलाच नव्हता, म्हणून वागणं बिघडल्यावर तो मागे घेतला जात नाही.

लूक १५ मधल्या येशूच्या दाखल्यात घर सोडून गेलेला, सगळं उधळून बसलेला धाकटा मुलगा बापाकडे परत निघतो. त्यानं आधीच भाषण तयार केलं होतं. त्यात तीन गोष्टी होत्या. मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. १८ आणि १९ या वचनांत तिन्ही आहेत. मग २१वं वचन उघडून बघा. पहिल्या दोन तो बोलतो, तिसरी त्याच्या तोंडून बाहेर पडतच नाही, कारण बापानं चाकरांना हाक मारलेली असते: झगा आणा, हातात अंगठी घाला, पायांत जोडा घाला. मोलकरी म्हणून राहायचा अर्ज बापानं ऐकूनच घेतला नाही. थोरल्याचं दुखणं जास्त अवघड आहे, कारण तो घर सोडून कुठं गेलेलाच नाही. ‘इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय’ (१५:२९), असं तो म्हणतो. मुलगा असून हिशेब मजुराचा. मंडळीत वीस-वीस वर्षं राबलेल्या, कमिटीवर बसलेल्या, संडे स्कूल चालवणाऱ्या माणसांनी हा थोरल्याचा भाग अधूनमधून गुडघ्यावर येऊन वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

खुद्द येशूच्या बाबतीतही क्रम हाच. मार्क १:११ मध्ये आकाशातून वाणी होते: तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्कच्या शुभवर्तमानात तोपर्यंत एकही चमत्कार झालेला नाही, एकही उपदेश झालेला नाही. बापाचा संतोष आधी, काम नंतर. आणि लगेच अरण्यात सैतानाचा पहिला घाव कुठं पडतो? ‘तू देवाचा पुत्र असशील तर’ (मत्तय ४:३). भाकरीचा मुद्दा त्यानंतरचा. आपल्यावरचा मोहही याच दारानं येतो. ‘तू खरंच देवाचं लेकरू असशील तर नोकरी का गेली? लेकरू असशील तर पुन्हा तेच पाप कसं घडलं?’ या प्रश्नाला आपलं वागणं दाखवून उत्तर द्यायला गेलं की माणूस हरतो. येशूनं तीनही वेळा लिहिलेल्या वचनानं उत्तर दिलं, आणि तिन्ही वचनं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली होती.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. अमेरिकन मराठी मिशनचं काम सोलापुरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभं राहिलं. तेव्हापासूनच्या काही घराण्यांची आज चौथी-पाचवी पिढी मंडळीत आहे. नाव रजिस्टरात आहे, बाप्तिस्मा लहानपणीच झालाय, नाताळला कंदील न चुकता लागतो. योहान १:१२ देवाची मुले होण्याचा अधिकार ख्रिस्ताचा स्वीकार करणाऱ्यांना देतं, आणि पुढचंच वचन सांगतं की हा जन्म रक्तापासून होत नाही. आजोबांच्या विश्वासाबद्दल देवाचे आभार मानावेत, पण त्यावर नातवाचं चालत नाही. ज्याला याबद्दल शंका आहे त्यानं पाळकांना वेळ मागून घ्यावी आणि सरळ विचारावं. पश्चात्ताप कशाबद्दल करायचा, विश्वास नेमका कशावर ठेवायचा, हे तासाभरात बोलता येतं. खात्रीसाठी योहानाचं पहिलं पत्र वाचावं. पाचच अध्याय आहेत, आणि विश्वास ठेवणाऱ्यांना सार्वकालिक जीवन मिळालं आहे हे त्यांना कळावं म्हणून आपण लिहितोय, असं योहान त्याच पत्राच्या ५:१३ मध्ये स्वतःच सांगतो.

आता वाढीकडे. इफिसकरांस पत्र हातात घेऊन एक साधं काम करा. पेन्सिलीनं प्रत्येक आज्ञेखाली रेघ ओढत जा. पहिल्या तीन अध्यायांत आज्ञा म्हणावी अशी एकच सापडेल, २:११ मधली: आठवण करा. बाकी सगळं देवानं काय केलं याचं वर्णन. चौथ्या अध्यायापासून मात्र पानं रेघांनी भरून जातात: खोटं सोडा, रागावर सूर्य मावळू देऊ नका, चोरी करणाऱ्यानं आता हातानं काम करावं, एकमेकांना क्षमा करा. आणि ५:१ मध्ये सगळ्याची किल्ली आहे. देवाची प्रिय मुले या नात्यानं त्याचं अनुकरण करा. अनुकरण करून मुले व्हा, असं कुठंही म्हटलेलं नाही.

पेत्रही हेच सांगतो, जरा कडक शब्दांत. २ पेत्र १:५-७ मध्ये तो विश्वासात सात्त्विकतेची, मग ज्ञानाची, इंद्रियदमनाची, धीराची, सुभक्तीची, बंधुप्रेमाची आणि शेवटी प्रीतीची भर घालायला सांगतो, आणि तीही होईल तितका प्रयत्न करून. म्हणजे लेकरू झालो, आता हातावर हात ठेवून बसू, याला जागा नाही. पण ज्याच्यात ही वाढ दिसत नाही त्याचं निदान तो नवव्या वचनात काय करतो? आपण शुद्ध झालो याचा त्याला विसर पडलाय. वाढ खुंटली तर आधी विसरलेलं आठवायचं. त्याशिवाय वेळापत्रक कडक केलं तर ते तीन आठवडे टिकतं.

वेळापत्रकाचंच बोलू, कारण सगळ्यांत जास्त माणसं तिथं अडखळतात. एक जानेवारीला उत्पत्तीपासून बायबल सुरू करायचं, रोज तीन अध्याय, असा संकल्प दरवर्षी होतो. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० मिळून ९० अध्याय तीस दिवसांत होतात, आणि ३१ जानेवारीला माणूस लेवीयच्या होमार्पणांपाशी येऊन पोचतो. तिथं गाडी थांबते. लेवीय वाचायचं पुस्तक आहेच, पण इब्री लोकांस पत्र आधी वाचलेलं नसेल तर त्यातलं रक्त आणि वेदी नवख्याला उमगत नाही. म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं मार्क (१६ अध्याय), योहान (२१), इफिस (६) आणि १ योहान (५) या क्रमानं जावं. हे ४८ अध्याय होतात. सोमवार ते शुक्रवार रोज एक धरला तर दहा आठवड्यांच्या आत पुरे. पुढं सगळा नवा करार घ्यायचा. त्याचे २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच, वर्षाचे ५२ आठवडे, बरोबर वर्षात संपतो.

शनिवार-रविवार मुद्दाम मोकळे ठेवायचे, राहिलेलं भरून काढायला. आपल्या शहरात याची गरज विशेष आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि पाणी यायच्या वेळी घरातल्या बाईला बॅरल, हंडे आणि मोटर यांतून मान वर करायला सवड नसते. त्या दिवशी वाचन होणार नाही, हे आधीच धरून चालावं. सात दिवसांची योजना असली की पहिल्याच पाण्याच्या दिवशी ती मोडते, मग मन खट्टू होतं आणि पुस्तक कपाटात जातं. पाच दिवसांची योजना मोडत नाही.

एक अध्याय मोठ्यानं वाचायला साधारण पाच ते सात मिनिटं लागतात. मोठ्यानं वाचावा आणि दोनदा वाचावा. बायबल सोसायटीची जुनी प्रत जड जात असेल तर सोप्या मराठीतली प्रत शेजारी ठेवावी. जुन्या प्रतीतली वचनं पाठ व्हायला बरी, सोपी प्रत अर्थ लागायला बरी. मग साध्या वहीत तीनच ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत, या अध्यायात बाप किंवा पुत्र काय करतोय. दुसऱ्या ओळीत, त्यामुळे आज मी काय करणार. तिसरी ओळ रात्री लिहायची: झालं की नाही, आणि नाही तर का नाही. सगळी गंमत दुसऱ्या ओळीत आहे. ‘सर्वांशी प्रेमानं वागेन’ असं लिहिलं की रात्री तपासायला काही उरत नाही. ‘धाकट्या जावेला दुपारी दोनला फोन करीन आणि दिवाळीतल्या बोलण्याबद्दल माफी मागीन’ हे लिहिलं की ते होतं, नाहीतर होत नाही, पण धूसर राहत नाही. पहिली ओळ गाळून थेट दुसरीवर उडी मारू नका. ती गाळली की आठवडाभरात वही पुन्हा छाट मोजायला लागते.

यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याला हे सगळं सांगणं सोपं आणि करणं कठीण. मागाच्या खडखडाटात मोबाइलवरचं वाचन ऐकू येत नाही, आणि कानात इयरफोन घालून चालत्या मागापाशी उभं राहणं धोक्याचं आहे, ते करूच नये. त्याच्यासाठी आठवड्याला एक वचन. चिठ्ठीवर संदर्भासकट लिहून खिशात ठेवायचं, चहाच्या सुट्टीत काढून वाचायचं, चिठ्ठी न बघता म्हणून बघायचं. रोम ८:१५ पासून सुरुवात करावी. वर्षाला पन्नासएक वचनं होतात. ज्याच्या डोक्यात पन्नास वचनं आहेत त्याच्याकडे अरण्यात बोलायला काहीतरी आहे.

प्रार्थनेसाठी प्रभूनं शिकवलेला सांगाडा पुरे आहे. मत्तय ६ मध्ये सहा मागण्या आहेत: तुझं नाव, तुझं राज्य, तुझी इच्छा, मग आमची भाकर, आमची क्षमा, आमचं रक्षण. प्रत्येकीला दोन मिनिटं दिली तर बारा मिनिटं होतात. घड्याळ लावून सुरुवात करायला काही हरकत नाही. पहिल्या तीन मागण्यांत मन भरकटतं, कारण आपल्याला चौथीची घाई असते. भाकरीची काळजी खरी आहे, घरभाडं खरं आहे, पण बापाचं नाव आधी घेतल्यावर तीच काळजी वेगळ्या तोंडानं बोलली जाते. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड घरांतली मुलं मराठी शाळेत शिकलेली असतात, घरी एक भाषा आणि चर्चमध्ये दुसरी. त्यांनी एकांतातली प्रार्थना त्या भाषेत करावी जिच्यात ती आईशी भांडतात. शुद्ध, पुस्तकी शब्दांमागे लपणं फार सोपं असतं.

पापाबद्दल लेकरू आणि मोलकरी यांच्या वागण्यातला फरक चटकन कळतो. मोलकरी चूक लपवतो, कारण कळलं तर काम जाईल. लेकरू रडत घरी येतं. १ योहान १:९ म्हणतं, आपण पापं पदरी घेतली तर तो क्षमा करायला विश्वसनीय आणि न्यायी आहे. पदरी घेणं म्हणजे नाव घेऊन बोलणं. ‘माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ इतकंच म्हणून उठायचं नाही. आणि जिथं दुसऱ्याचं नुकसान झालंय तिथं भरपाई. जकातदार जक्कयानं चौपट परत देईन म्हटलं (लूक १९:८), तेही येशू त्याच्या घरी उतरायला आल्यावर, त्याच्या आधी नव्हे. किराणा दुकानदाराची जुनी उधारी बुडवली असेल तर त्याच्याकडे जाऊन आकडा विचारावा, एकरकमी जमत नसेल तर आठवड्याला ठरावीक रक्कम ठरवून त्याच्याच वहीत लिहून घ्यावी. आधी प्रार्थनासभेत साक्ष द्यायची आणि मग पैशांचं बघू म्हणायचं, हा क्रम लोकांच्या डोळ्यांवर येतो आणि येशूच्या नावाला बट्टा लागतो.

दानाबद्दल थोडक्यात. पौल १ करिंथ १६:२ मध्ये आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपापल्या मिळकतीप्रमाणे, बाजूला काढून ठेवायला सांगतो. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घराला हे नीट बसतं: पगार हातात आला की बाजार करण्याआधी पाकीट वेगळं करायचं, कारण बाजारानंतर उरत नाही. बचत गटाचा हप्ता थकलाय, व्याज चढतंय, आणि तरी कर्ज काढून दान द्यायचं, हे शास्त्र मागत नाही. २ करिंथ ८:१२ प्रमाणे ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नाही. आणि कुणी घरी येऊन ‘तुमच्या घराण्यावर शाप आहे, अमुक रक्कम दिलीत तर तो तुटेल’ असं सांगितलं तर त्याला गलतीकरांस पत्र ३:१३ उघडून दाखवा. ख्रिस्तानं शाप स्वतःवर घेतला आहे. बापाच्या घरात लेकराला शापमुक्तीची पावती फाडावी लागत नाही. या मंडळींमुळे भोळ्या माणसांची किती घरं पोखरली जातात, हे बघून जीव तुटतो.

दुःख आलं की सगळी जुनी भीती परत वर येते. इब्री १२ म्हणतं की ज्याच्यावर प्रीती करतो त्याला बाप शिस्त लावतो. हे खरं आहे, पण त्यावरून प्रत्येक आजाराला शिक्षा ठरवायची नाही. योहान ९ मध्ये जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूनं दोन्ही नाकारलं. म्हणून आजाऱ्याला भेटायला गेलेल्यानं ‘काही पाप राहिलंय का बघा’ असं म्हणू नये. डबा न्यावा, औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात जावं, स्तोत्र २३ वाचावं आणि दहा मिनिटांत उठावं.

बाप एक म्हटला की भावंडं आपोआप येतात, आणि आपली सगळ्यांत मोठी परीक्षा तिथं आहे. गलती ३:२६ आपल्याला देवाची मुले म्हणतं, आणि दोनच वचनांनंतर यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र हे भेद ख्रिस्तात उरत नाहीत असं सांगतं. आपल्या मंडळ्यांत मात्र आडनाव ऐकून मूळ जात हुडकली जाते, स्थळ बघताना ती चौकशी गुपचूप होते, नव्यानं आलेल्या कुटुंबाला शेवटच्या बाकावरून पुढं यायला वर्षं लागतात. प्रभुभोजनाचा प्याला एक आणि घरातली ताटं वेगळी, हे १ करिंथ ११ मधल्या पौलाला सहन झालं नव्हतं. करायचं काय? महिन्यातून एकदा, रविवारच्या उपासनेनंतर, आपल्या नात्यातलं नाही, आपल्या भाषेचं नाही असं एक कुटुंब जेवायला बोलवावं. भाकरी, शेंगाची चटणी, आमटी पुरते. आणि ते बोलावतील तेव्हा काही न विचारता त्यांच्या घरी जेवावं. लेकरू म्हणून झालेली वाढ मोजायला मला याहून चांगली जागा माहीत नाही.

घरात एकटाच विश्वासात आलेला तरुण असेल तर त्याला वेगळा सल्ला लागतो. बापाच्या घरी आल्यामुळे जन्मदात्यांशी नातं तुटत नाही. इफिस ६:२ मधली आईवडिलांचा मान राखायची आज्ञा त्यालाही आहे. पहिल्या वर्षी त्यानं वाद कमी घालावेत आणि पाण्याच्या दिवशी हंडे जास्त भरावेत. आईला दवाखान्यात न्यायची पाळी त्यानं स्वतःहून घ्यावी. गड्ड्याच्या यात्रेला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) पाहुणे आले तर त्यांना आणायला स्टँडवर जावं, गावात फिरवावं. पूजेत भाग घ्यायचा नाही हे त्यानं मृदू शब्दांत, एकदाच, आधी सांगून ठेवावं. ऐन वेळी सगळ्यांसमोर नकार दिला की घरच्यांचा अपमान होतो. शेजाऱ्यांनी दिलेल्या प्रसादाबद्दल मंडळ्यांमध्ये मतं वेगवेगळी आहेत. पौलानं त्यावर १ करिंथचे ८ ते १० असे तीन अध्याय खर्च केलेत, ते पाळकांबरोबर बसून वाचावेत. पौल तिथं आपल्या ज्ञानाआधी दुसऱ्याच्या विवेकाचा विचार करतो, एवढं लक्षात ठेवलं तर तोंडातून कठोर शब्द जात नाही.

आणि हे सगळं एकट्यानं होत नाही. मोबाइलवर रोज दोन उपदेश ऐकणारा माणूस सहा महिन्यांनी बोलायला पटाईत होतो, पण त्याला कुणी प्रश्न विचारत नाही, म्हणून तो वाढत नाही. तिघांचा किंवा चौघांचा गट करावा, पुरुषांचा पुरुषांबरोबर, बायकांचा बायकांबरोबर. आठवड्यातून एकदा, एक तास, शक्यतो शनिवारी संध्याकाळी, उन्हाळ्यात ऊन उतरल्यावर. पहिली वीस मिनिटं आठवड्यातला एक अध्याय. पुढची तीस मिनिटं प्रत्येकानं दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची: या आठवड्यात बाप म्हणून देव कुठं दिसला, आणि कुठं मी मोलकऱ्यासारखा वागलो? शेवटची दहा मिनिटं एकमेकांसाठी प्रार्थना. गट मोडतात ते तीन कारणांनी. एकच जण बोलत राहतो, इथली गोष्ट दुसरीकडे जाते, किंवा चहा-फराळ वाढत जाऊन बोलावणाऱ्यावर बोजा पडतो. म्हणून दर आठवड्याला चालवणारा बदलावा, ऐकलेलं नवराबायकोतही बोलायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरवावं, आणि फराळात चहाशिवाय काही ठेवू नये. दोन आठवडे कुणी आलं नाही तर तिसऱ्याची वाट बघू नये, त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जावं. गेल्यावर वाचन किती झालं, हे विचारू नये.